दुधाळ्याचे आरसे आणि वसमतची हळद

पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबणाने चोळला की निघून जाण्याऐवजी तांबडा होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याचे नाव कुरकुमिन. आम्लात ते पिवळे राहते आणि अल्कलीत तांबूस होते. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून डाग तांबडा होतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तेही याच गुणामुळे. कुंकू करणाऱ्यांना ही कृती कित्येक पिढ्यांपासून ठाऊक होती. फोगेल आणि पेलेतिए या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ मध्ये हळदीतून कुरकुमिन वेगळे काढले. त्याच्या रेणूची रचना पुढे १९१० मध्ये इतर रसायनशास्त्रज्ञांनी उलगडली. आज त्याच कुरकुमिनच्या गोळ्या जगभर विकल्या जातात.

मग सांगा पाहू, यात शोध कुणाचा? कुंकू करणाऱ्यांचा, रेणू ओळखणाऱ्यांचा की गोळी विकणाऱ्या कंपनीचा? आणि त्या गोळीच्या किमतीतला किती वाटा हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मिळावा? हे प्रश्न वरवर गमतीचे वाटतात. पण देशादेशांतले करार, न्यायाधिकरणे आणि कारखाने याच प्रश्नांभोवती फिरत असतात. त्यांची उत्तरे शोधायला आपण फार लांब जाणार नाही. मराठवाड्यातल्या एकाच जिल्ह्यात, हिंगोलीत, या गोष्टीच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. वसमतचे नाव घेतले की व्यापाऱ्यांना हळद आठवते. औंढ्याचे नाव घेतले की भाविकांना ज्योतिर्लिंग आठवते. पण जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना आठवते औंढ्याजवळचे दुधाळा हे गाव. तेथे गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायची आहे. एकीकडे हजारो वर्षांचे घरगुती ज्ञान आणि दुसरीकडे अगदी नवे विज्ञान. या दोहोंकडे आळीपाळीने पाहिले, की नवी गोष्ट जगात येते कशी आणि तिला सरकार व कंपन्या हातभार लावतात कसा, हे नीट समजते.

बी रुजणे आणि पीक घरात येणे

प्रथम दोन शब्दांतला फरक ध्यानात घेऊ. शोध लागणे म्हणजे बी रुजणे. नवनिर्मिती म्हणजे ते पीक घरात येणे, लोकांच्या उपयोगी पडणे. मधल्या काळात नांगरट, पाणी, राखण, मळणी हे सगळे असते. विज्ञानातही तसेच आहे. एखादी कल्पना सुचल्यापासून तिचे यंत्र, औषध किंवा वाण होईपर्यंत वेळ, पैसा, उपकरणे आणि कसबी हात लागतात. हा खर्च करायचा कुणी?

आता गावातली एक ओळखीची गोष्ट घ्या. गावाला गायरान असते आणि प्रत्येकाचे कुंपण घातलेले शेतही असते. गायरानावर कुणाचेही जनावर चरू शकते. कुंपणातल्या पिकावर हक्क मालकाचा. ज्ञानाचेही असेच दोन प्रकार आहेत. न्यूटनचे नियम, पायथागोरसचा सिद्धान्त, आइनस्टाइनची समीकरणे हे ज्ञानाचे गायरान होय. या गायरानाचे एक नवल आहे. गावच्या गायरानातले गवत जनावरांनी चरले की संपते. ज्ञानाचे गवत कितीही जणांनी चरले तरी कमी होत नाही, उलट वाढतेच.

पण यातच एक अडचण लपलेली आहे. गवत सर्वांचे, तर पेरायचे कुणी? मी पैसा घालून पेरावे आणि शेजाऱ्याने फुकट चारावे, हे व्यापाऱ्याला कसे परवडेल? म्हणून कंपनी शक्यतो कुंपणात पेरते. गायरानात पेरण्याचे काम बहुतेक वेळा सर्वांच्या पैशातून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, करावे लागते. दुधाळ्याची गोष्ट ही अशा पेरणीचीच आहे.

दुधाळ्याला काय उभे राहणार?

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एकमेकांत मिसळली, की अवकाशालाच कंप सुटतात. पाण्यात दगड टाकल्यावर तरंग उठावेत तसे. यांनाच गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या आपल्यापर्यंत येतात तेव्हा इतक्या क्षीण झालेल्या असतात की चार किलोमीटर अंतरात त्या जो फरक पाडतात, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो.

एवढा सूक्ष्म फरक मोजायचा कसा? काटकोनात मिळणाऱ्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या घेतात. एका लेसर किरणाचे दोन भाग करून ते दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाला टांगलेल्या आरशांवरून परतून ते पुन्हा एकत्र येतात. दोन्ही बाहूंची लांबी स्थिर असेल तर दोन्ही प्रकाशलहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. एक बाहू कणभर ताणला आणि दुसरा कणभर आखडला, की हा मेळ बिघडतो आणि प्रकाशाची चाहूल लागते. यातले आरसे प्रत्येकी ४० किलोग्रॅम वजनाचे असून अतिशुद्ध सिलिकेच्या काचेचे असतात. नळ्यांमध्ये हवेचा रेणूही अडथळा करतो, म्हणून तेथे जवळजवळ संपूर्ण निर्वात राखावा लागतो. आत उरलेल्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाख कोटीवा भाग एवढाच असतो!

जमीनही शांत हवी. समुद्राच्या लाटा, रेल्वे, जड वाहने, मोठे कारखाने या सर्वांचे हादरे आरशांना जाणवतात. शिवाय चार किलोमीटर सरळ रेषा आखायची तर पृथ्वीच्या गोलाईचाही विचार करावा लागतो. तुमच्या वहीतच हिशेब करून पाहा. चार किलोमीटरचा वर्ग १६. त्याला पृथ्वीच्या त्रिज्येच्या दुपटीने, म्हणजे सुमारे १२,७४० किलोमीटरने, भागा. उत्तर येते सव्वा मीटर. एवढी जमीन नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत खाली वाकलेली असते!

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत, इटलीत 'व्हर्गो' आहे, जपानात 'काग्रा' आहे. एकाच वेधशाळेला लहर आली हे कळते, पण कुठल्या दिशेने आली हे नीट कळत नाही. दूरदूरच्या वेधशाळांत ती किती अंतराने पोचली यावरून दिशा काढतात. म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, भारतात, एक वेधशाळा असणे सर्वांनाच हवे आहे. जगाच्या सहकार्याला येथे भूगोलाचेच कारण आहे.

त्रेचाळीस वर्षांची वाट

आता पैशाकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या रेनर वाइस यांनी अशा यंत्राचा सविस्तर विचार १९७२ मध्ये एका अहवालात मांडला. अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने पुढे त्यासाठी पैसा पुरवला. १९९० मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली, १९९४ मध्ये बांधकाम सुरू झाले, २००२ पासून निरीक्षणे घेतली. २०१० पर्यंत यंत्र चालले आणि मिळाले काय? एकही लहर नाही! तरीही सरकारने हात आखडला नाही. यंत्र सुधारले आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला सांगण्यात आली आणि २०१७ चे नोबेल पारितोषिक वाइस, बॅरिश व थॉर्न यांना मिळाले. १९७२ ते २०१५ ही झाली त्रेचाळीस वर्षे, आणि खर्च सुमारे एकशे दहा कोटी डॉलर.

भागधारकांना दर वर्षी हिशेब देणारी कोणती कंपनी त्रेचाळीस वर्षे थांबेल? यात कंपन्यांची निंदा नाही. तो त्यांचा धर्मच नव्हे. शेवट कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या वाटेवर चालण्याचा धीर समाजाने सगळ्यांच्या वतीने धरायचा असतो.

असाच धीर आपल्याकडेही धरला गेला. १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. तेथे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटाच्या ढिगातून गुरुत्वीय लहरीचा क्षीण सूर कसा ओळखायचा याची गणिती रीत शोधत होते. त्यांचे व बी. एस. सत्यप्रकाश यांचे या विषयावरचे महत्त्वाचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिली लहर सापडायला तेव्हा चोवीस वर्षे अवकाश होता! या गणिताला त्या वेळी बाजारात कवडीची किंमत नव्हती. पण ते झाले नसते तर लहरींच्या शोधात भारताला मानाचे पान मिळाले नसते.

लायगो-इंडियाला भारत सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. दोहोंमध्ये सात वर्षे गेली. २०३० च्या सुमारास ती कामाला लागावी अशी योजना आहे. लेसर, आरसे, त्यांची टांगणी असे सुमारे आठ कोटी डॉलरचे सुटे भाग अमेरिका देणार आहे. जागा, इमारती, निर्वात नळ्या आणि जोडणी आपली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय हे काम वाटून घेत आहेत.

सरकारची मागणी ही कारखान्याची शाळा

मग कंपन्यांचे काम काय? ते याच ठिकाणी सुरू होते. अमेरिकेतील वेधशाळांच्या नळ्या 'शिकागो ब्रिज अँड आयर्न' या कंपनीने बनवल्या. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाच्या, केवळ तीन मिलिमीटर जाडीच्या गंजरोधक पोलादी पत्र्याच्या या नळ्या. सगळ्या जोडांची लांबी काही मैल भरते, आणि त्यात सुईच्या अग्राएवढेही भोक राहता कामा नये. एवढी कठोर अट घालणारे गिऱ्हाईक बाजारात नसते. सरकारने मागणी नोंदवली, ठरलेला दर्जा मिळाला तर पैसे देण्याची हमी दिली आणि कंपनीला नवे कसब शिकावेच लागले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरचा कारखाना साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवी. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, त्याला अग्निबाणांच्या घन इंधनाची पोलादी कवचे बनवण्याचे काम दिले. उसाच्या रसाच्या कढया आणि अग्निबाणाचे कवच यांत साम्य ते कोणते? दोन्हीकडे जाड पत्रा वाकवणे आणि निर्दोष जोडणे हेच मुख्य. पण साखर कारखान्यात जी चूक खपते ती अग्निबाणात खपत नाही. दर्जाची पायरी चढली, की ती कारखान्यातच राहते. पुढच्या गिऱ्हाइकाला तिचा लाभ आपोआप मिळतो. मुंबईच्या गोदरेजने इस्रोसाठी 'विकास' इंजिने बनवली. फ्रान्समध्ये संलयनाच्या प्रयोगासाठी उभ्या राहणाऱ्या 'इटर' यंत्राचे ३,८०० टनांहून अधिक वजनाचे 'क्रायोस्टॅट' हे बाहेरचे निर्वात पात्र सुरतजवळच्या हजिरा येथे लार्सन अँड टूब्रोने तुकड्यातुकड्यांत बनवून दिले. हाच अनुभव निर्वात नळ्यांच्या कामी येतो.

तेव्हा सरकारने कंपनीला मदत करायची म्हणजे नुसते अनुदान द्यायचे असे नव्हे. अवघड काम मागणे, ते तपासणे आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर देणे, ही त्याहून मोठी मदत होय.

कंपन्या स्वतः होऊन संशोधन करीतच नाहीत, असेही समजू नका. ट्रान्झिस्टर सापडला तो एका टेलिफोन कंपनीच्या 'बेल' प्रयोगशाळेत, डिसेंबर १९४७ मध्ये. परंतु अशा बाबतीत आपण मागे आहोत. २०२०-२१ मध्ये भारताने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का भाग संशोधनावर खर्च केला आणि त्यातला खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक होता. दक्षिण कोरिया असा खर्च पाच टक्क्यांच्या घरात करतो आणि त्यातला मोठा भाग तेथील कंपन्या उचलतात.

कुंपण, पण खिडकी असलेले

कंपनीने कुंपणात पेरावे, यासाठी समाजाने पेटंटची रीत काढली. नवी वस्तू किंवा नवी कृती शोधणाऱ्याला ती ठराविक काळ, आज साधारण वीस वर्षे, एकट्याने वापरण्याचा हक्क मिळतो. त्याच्या बदल्यात त्याने ती कृती पूर्णपणे लिहून जाहीर करायची असते. 'पेटंट' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'उघडे' असा आहे. म्हणजे हे कुंपण खरे, पण त्याला खिडकी असते. आत काय पेरले आहे ते सर्वांना दिसते आणि मुदत संपली की कुंपण निघून ते शेत गायरानात जमा होते.

कुंपणाला फाटकही ठेवता येते. ट्रान्झिस्टरचे पेटंट असूनही बेलच्या मालक कंपनीने पंचवीस हजार डॉलर शुल्क घेऊन तो बनवण्याचा परवाना इतरांना दिला. जपानमधील एका लहानशा कंपनीने तो घेतला आणि १९५५ मध्ये ट्रान्झिस्टरचा रेडिओ बाजारात आणला. ती कंपनी पुढे 'सोनी' या नावाने जगाला माहीत झाली. याच्या उलट, जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेने तेथे जन्मलेले 'वर्ल्ड वाइड वेब' ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याला कुंपण घातले असते, तर ते इतक्या वेगाने जगभर पसरले असते का? तेव्हा कुंपण चांगले की गायरान, असा प्रश्नच चुकीचा आहे. कुठे कुंपण आणि कुठे गायरान, हा खरा प्रश्न. आणि तो चुकला म्हणजे काय होते, हे हळदीने दाखवून दिले.

हळदीचा खटला

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५,४०१,५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर! कापले की हळद दाबणे हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक. पण कागदोपत्री तो अमेरिकेतला नवा शोध ठरला. गायरानाच्या मधोमध कुणीतरी कुंपण घातले होते.

त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. गोव्यातील माशेल या गावी जन्मलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळलेल्या या शास्त्रज्ञाने हे पेटंट आव्हानाशिवाय सोडायचे नाही असे ठरवले. १९९६ मध्ये परिषदेने फेरतपासणीचा अर्ज केला.

यातला बारकावा ध्यानात घ्या. 'आमच्या आज्या हळद लावत आल्या आहेत' एवढे सांगून भागणार नव्हते. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशातली रूढी पुरेशी नव्हती, छापील पुरावा लागे. मग शोधाशोध सुरू झाली. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ चाळले गेले. काही शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही सापडला. असे ३२ संदर्भ सादर झाले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने विद्यापीठाचे सर्व दावे फेटाळले. एका विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानावरचे अमेरिकन पेटंट असे रद्द करून घेतले, ही घटना जगभर गाजली.

यातून दोन कामे निघाली. २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील कृतींचा मोठा संग्रह तयार करण्यात आला. तो इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत आहे, जेणेकरून परदेशी परीक्षकाला 'हे आधीच माहीत आहे' असे पडताळता यावे. आणि भारताच्या पेटंट कायद्यात केवळ पारंपरिक ज्ञान हा शोध मानला जाणार नाही, अशी तरतूद झाली.

पण म्हणून हळदीवर कुणालाच पेटंट मिळू नये का? तसे नाही. कुरकुमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून पोटात गेले तरी रक्तात थोडेच उतरते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातील पायपरिनबरोबर दिल्यास त्याचे शोषण पुष्कळ वाढते. शोषण वाढवण्याच्या अशा नव्या नव्या रीतींवर कंपन्या पेटंटे घेतात. ते रास्तच आहे, कारण तेथे खरोखर नवे पेरलेले असते. या गोळ्या नेमक्या कोणत्या आजारात किती उपयोगी, याचा तपास अजून चालूच आहे, हेही लक्षात असू द्या.

कुंपणाची उंची कोण ठरवते?

कुंपण किती उंच असावे हे सरकार कायद्याने ठरवते. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर ठेवले. हा कायदा १९७२ पासून लागू झाला. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच औषधांकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटा शोधल्या आणि देशात औषधनिर्मितीचा मोठा धंदा उभा राहिला. २००१ मध्ये मुंबईच्या 'सिप्ला' कंपनीने एड्सवरील औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत, देऊ केली. तोवर ती हजारो डॉलरला मिळत होती.

पुढे १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या करारानुसार २००५ पासून भारताला औषधाच्या रेणूवरही पेटंट द्यावे लागले. कंपन्यांना आता केवळ नवी वाट शोधून भागत नाही, नवा रेणूच शोधावा लागतो. जगाच्या बाजारात उतरणे म्हणजे काय, हे यावरून दिसते. कुंपणाचे नियम एकट्या देशाच्या हाती राहत नाहीत. जो देश गायरानात पेरत राहतो, त्याच्याकडेच कुंपणात लावायला नवे बी असते.

हिंगोलीपुढचा प्रश्न

आता पुन्हा वसमतला येऊ. हळदीचे पीक आठ-नऊ महिने शेतात राहते. काढणीनंतर ती शिजवावी, वाळवावी आणि पॉलिश करावी लागते. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून हळद शिजवत. आता वाफेवर शिजवण्याची यंत्रे शेतावरच येतात आणि वेळ, पाणी व जळण वाचते. हीसुद्धा नवनिर्मितीच आहे. तिला नोबेल नसले म्हणून काय झाले? २०२२ मध्ये राज्य सरकारने वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. २०२४ मध्ये 'वसमत हळद' हिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. हेही एक कुंपणच, पण एका माणसाचे नव्हे, तर साऱ्या परिसराचे. त्या भागातल्या हळदीलाच ते नाव लावता येते. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले.

परंतु नावाचे कुंपण पुरेसे नाही. हळद पोत्यात भरून गेली तर शेतकऱ्याला पोत्याचा भाव मिळतो. तिच्यातले कुरकुमिन मोजणे, अधिक कुरकुमिन देणारे वाण निवडणे, शुद्ध अर्क काढणे हे काम जिथे होते, तिथे नफ्याचा मोठा भाग जातो. दुधाळ्याचेही तसेच. २,६०० कोटींची वेधशाळा गावाजवळ उभी राहिली, की गाव आपोआप शहाणे होत नाही. बाहेरून माणसे आली, यंत्र चालवून गेली, आणि गावातल्या मुलाने कुंपणाबाहेरून पाहिले, असेही होऊ शकते. किंवा त्याच परिसरातली मुलगी निर्वात पंपाची तंत्रज्ञ, लेसरची अभियंता, माहितीचे पृथक्करण करणारी गणिती होऊ शकते. कोणते होईल हे दिल्लीच्या मंजुरीवर जितके अवलंबून आहे, तितकेच जिल्ह्यातल्या शाळांतील प्रयोगशाळांवर, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडकामाच्या शिक्षणावर आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नांवर.

एक गोष्ट मात्र आजच तुमच्या हाती आहे. लायगोने नोंदलेल्या लहरींची मूळ माहिती सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. संगणक व इंटरनेट असलेल्या कोणत्याही शाळेला ती विनामूल्य मिळते, आणि ती पाहण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. एकशे तीस कोटी वर्षांच्या आसपास प्रवास करून आलेली पहिली लहर हिंगोलीच्या वर्गातही काढून पाहता येईल. हे गायरान आपलेही आहे. त्यात पाऊल टाकायचे तेवढे बाकी आहे.

करून पाहा, विचार करा

१. गाळण कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. लिंबाचा रस, साबणाचे पाणी, खाण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी यांत त्या बुडवून रंग नोंदवा. कोणता पदार्थ सर्वांत तीव्र अल्कली आहे?

२. तुमच्या गावातील एखादी जुनी कृती (बी टिकवण्याची, लोणच्याची, जनावराच्या औषधाची) जाणत्या माणसाला विचारून तारखेसह लिहून ठेवा. हळदीच्या खटल्यात लिखित पुराव्याचे मोल किती होते ते आठवा.

३. नळीची लांबी चारऐवजी दहा किलोमीटर केली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक किती होईल? वर दिलेल्या रीतीने काढा. लांबी अडीचपट झाली, तर उत्तर कितीपट झाले?

४. तुम्ही एखादे उपयुक्त यंत्र बनवलेत, तर त्याला कुंपण घालाल की ते गायरानात सोडाल? कारण वर्गात मांडा आणि उलट बाजूही ऐकून घ्या.